ऑक्सिजनचं सोवळं

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना आहे. पाण्यात वीज सोडून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे काढणारी यंत्रं आम्ही बनवतो. सासरे आधी सातपूरला दुसऱ्यांच्या कंपनीत फिटर होते. ती नोकरी सोडून त्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये गॅसचे व्हॉल्व्ह दुरुस्त करायला घेतले, पुढे ते स्वतःच बनवू लागले, आणि मग त्यांच्या डोक्यात अख्खं यंत्र शिरलं. त्या यंत्राने आमच्या घराला बराच काळ छळलं. जेवताना ते आमटीच्या वाट्या इकडून तिकडे सरकवत हायड्रोजन कुठून जाईल ते दाखवायचे, आणि सगळ्यांची आमटी गार व्हायची.

माणूस लोण्यासारखा, पण ऑक्सिजनच्या बाबतीत सोवळं कडक. ऑक्सिजन ज्या नळीतून जाणार, तिच्यात तेलाचा थेंबही राहिला तर भडका उडू शकतो. म्हणून ते भाग वेगळ्या खोलीत धुवायचे, पिशवीत बांधायचे, हातमोज्यांशिवाय कुणी शिवायचं नाही. खंडेनवमीला साऱ्या वसाहतीत यंत्रांची पूजा होते, तशी आमच्याकडेही होते. पण ऑक्सिजनच्या बाजूला नुसती फुलं, आणि निरांजन लांब, दाराशी.

पहिलं मोठं यंत्र तयार झालं त्या वर्षी सासऱ्यांनी माझ्या आईला पूजेला मुद्दाम बोलावलं. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या मुहूर्तावर यंत्र गाडीत चढायचं होतं. हे त्यांनी भेटेल त्याला सांगून ठेवलं होतं, लहान मुलासारखं.

आईची मखमलाबादच्या बाजूला फुलशेती. ती झेंडूची पाटी घेऊन आली. आम्ही सगळे नारळ फोडायला बाहेर जमलो होतो, तेवढ्यात आत तिने मनापासून पूजा केली. चकचकीत स्टीलवर कोरडं कुंकू ठरेना, तेव्हा शेतावरच्या पंपाला लावते तसं तिने ते तेलात कालवलं आणि ऑक्सिजनच्या नळीच्या तोंडावर छान स्वस्तिक काढलं. शेवटच्या जोडणीसाठी त्या नळीचं टोपण काढून ठेवलेलं होतं. आम्ही परत आलो तोवर तेलाचा ओघळ नळीत गेला होता.

नवऱ्याने मला बाजूला घेतलं. "आईंना काही बोलू नकोस. त्यांना घरी सोडून येतो, मग बघू."

मलाही तेच हवं होतं. लेकीच्या सासरी, चार माणसांदेखत आपण काम नासवलं हे कळलं असतं, तर आई पुन्हा या दारात आली नसती. मी तिला ओळखते.

सासऱ्यांनी मात्र तिच्याशेजारी स्टूल ओढलं. मला त्यांचा राग आला, उघडच सांगते.

"विहीणबाई, ही नळी आता खोलून धुवावी लागेल," ते म्हणाले. "हिला तेल चालत नाही, पेट घेतं. तुम्हाला आधी सांगायचं राहिलं, ती चूक माझी."

आईचा चेहरा उतरला. "लय इस्कोट केला मी. उद्या गाडी हाय ना?"

"थांबेल गाडी."

"मला तसंच घरी लावून दिलं असतं तर कळलंबी नसतं, भाऊ."

"पाहुण्या असता तर नसतंच सांगितलं."

आई उठली, साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले आणि पदर खोचून म्हणाली, "मोजे द्या मला. काय घासायचं ते दावा."

दसऱ्याला गाडी दिवसभर फाटकाशी रिकामी उभी राहिली. मी चहा घेऊन गेले तेव्हा सासऱ्यांचं गाडीकडे लक्षही नव्हतं. नळी उजेडात धरून आत कसं बघायचं, ते आईला शिकवत होते. त्यांच्या मते नळी स्वच्छ झाली होती. आईने एक डोळा मिटून कितीतरी वेळ आत पाहिलं.

"दिसत तर काय नाय," ती म्हणाली. "पण अजून एकदा धुवू, भाऊ."