आमच्या घरातला बागी

निवडणुका आल्या की आमच्या जिंतूर तालुक्यात बंडखोरांना ऊत येतो. पक्षानं तिकीट कापलं की दुसऱ्या दिवशी पेपरात हा बंडखोर, आणि समजूत काढली की तोच निष्ठावंत. मला भारी चीड येते. अहो, बंड करायचं तर काहीतरी पणाला लावावं लागतं.

आमच्या आजोबांनी निजामाविरुद्ध बंदूक उचलली होती. सरहद्द ओलांडून वऱ्हाडातल्या कॅम्पात गेले, ते परत आलेच नाहीत. निजामाचे पोलीस अशा माणसाला बागी म्हणायचे. झडतीला आले की आजीला दारात उभं करून विचारायचे, "बागी किधर है?" शिवीच होती ती. पण गावानं ती उचलली आणि आपलीशी केली. रानात लपलेल्यांसाठी घरोघर एक भाकरी जास्तीची थापली जायची, तिला बाग्याची भाकर म्हणत. आमच्या टोपल्यातली शेवटची भाकर आजही बाग्याचीच. अवेळी कुणी आलं की त्याला ती वाढतात.

आजोबा गेले तेव्हा आत्या मांडीवर होती. तिला बाप आठवत नाही, आणि त्यांचा एक फोटोसुद्धा घरात नाही. बापाचं म्हणून तिच्या वाट्याला आला तो हा एवढा शब्द. म्हणून माझाही त्याच्यावर जीव आहे.

गेल्या वर्षी मुक्तिसंग्राम दिनाला आजोबांच्या नावाचा फलक लावायचं गावानं ठरवलं. मी मराठीचा मास्तर, तेव्हा मजकूर माझ्याकडे आला. 'सशस्त्र क्रांतिकारक' असं लिहून मी आत्याला वाचून दाखवलं.

"ते काय आस्तंय? बागी लिव्ह की रं," ती म्हणाली. "माझा बाप बागी व्हता."

मला पटलं. सरपंचांना मात्र हसू आलं. "सर, बागी म्हणल्यावर लोकायला दरोडेखोर वाटंल. पिच्चर बघत न्हाईत का तुमी?" मी वाद घातला, आवाज चढवला, शेवटी शब्दकोश उघडून दाखवला. बागी म्हणजे बंडखोर! तर ते आणखीच बिचकले, कारण त्यांच्याच पॅनेलमधले दोघं नुकतेच बंडखोरी करून निवडून आले होते. फलक अखेर क्रांतिकारकाचाच झाला.

कार्यक्रमाला आत्या नवं लुगडं नेसून पुढच्या रांगेत बसली. पाहुणे बोलायला उठले. थोर राष्ट्रभक्त, तेजस्वी विचारांचे धनी, क्रांतीचे अग्रदूत... टाळ्या थांबेनात. आत्या मान पुढं काढून, डोळे बारीक करून ऐकत होती. तिला भरून आलं असेल, असं मला वाटलं.

तेवढ्यात तिनं माझी बाही ओढली.

"नाव तर आमचंच घ्यायलेत," ती हळूच म्हणाली, "पर मानूस कुनाचा सांगायलेत रं?"