सगुणाबाईचा हिरवा चहा

देवगाव फाट्यावर सगुणाबाईचं चहाचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे काय, चार पत्रे, एक शेगडी आणि दोन बाकडी. पण जिंतूरकडून येणारे ड्रायव्हर गाडी उभी केली की आधी तिच्याकडे वळतात, कारण तिच्या पातेल्यातला चहा तीनदा उकळी येऊन वर चढल्याशिवाय खाली उतरत नाही. कच्चा चहा कुणाला पाजायचा म्हणजे तिला पाप वाटतं. अशी बाई एकाएकी बिनदुधाचा, बिनसाखरेचा हिरवा पाला उकळून प्यायला लागली, तेव्हा गिऱ्हाइकांना नवलच वाटलं.

"बारीक व्हायलाव का काय, सगुणाबाई?" रामहरी कंडक्टरनं चेष्टा केली. ती हसली खरी, पण हात आपसूक डाव्या काखेकडं गेला.

आंघोळ करताना तिच्या हाताला गाठ लागली होती. डाव्या छातीत, काखेकडच्या बाजूला, हरभऱ्याएवढी. दुखत नव्हती, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली. तिच्या धाकट्या बहिणीची, सुकेशनीची गाठही दुखत नव्हती. सुकेशनी तेव्हा ऊसतोडीला गेलेली. कारखाना बंद होईस्तोवर तिनं कुणाला सांगितलं नाही, आणि घरी आली ती पार झिजून. वर्षभरात गेली. तिची नऊ वर्षांची पोर संघप्रिया सगुणाबाईनं पोटच्या लेकीसारखी वाढवली. आता ती परभणीला औषधांचं शिकते आणि शनिवारी घरी येते.

हिरव्या चहाचा पहिला डबा तिनंच आणला होता. तेव्हा गाठ लागून तीन दिवस झाले होते.

"मावशे, यात कॅटेचिन नावाची द्रव्यं असतात. प्रयोगशाळेत, काचेच्या ताटलीत, छातीच्या कॅन्सरच्या पेशींची वाढ त्यांनी कमी झालेली दिसली हाय. पण माणसांत अजून पक्कं सिद्ध झालं न्हाई. तू दिवसभर साखरेचा चहा पितीस, त्यातला एखादा कप ह्याचा घे, एवढंच. आणि आपल्या घरात हा आजार झालाय, तर एकदा दवाखान्यात तपासून घेऊ तुला."

सगुणाबाईनं पहिलं तेवढं धरलं आणि बाकीचं वाऱ्यावर सोडलं. घाबरलेलं माणूस असंच ऐकतं, त्याला सोयीचं तेवढंच ऐकू येतं. गाठीचं सांगायला उघडलेलं तोंड तिनं मिटून घेतलं. डबा संपेस्तोवर विरून जाईल, पोरीच्या जिवाला उगाच घोर कशाला, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं.

मग तिनं तो पालाही आपल्याच रीतीनं तीनदा उकळला. जितका उकळेल तितका गुण जास्त, एवढं तर तिला कळत होतं. दिवसाला सात-सात कप कडू पाणी पोटात जाऊ लागलं. पोटात आग पडायची, झोप उडाली. रोज सकाळी न्हाणीत बोट तिथं जायचं. एखाद्या दिवशी गाठ लहान वाटायची आणि ती दिवसभर गिऱ्हाइकांशी गोड बोलायची. दुसऱ्या दिवशी तीच गाठ मोठी वाटायची आणि चहा उतू जायचा.

दुसरा डबा संपला तेव्हा ती भ्याली. पिऊन गुण येत नाही तर वरून द्यावा, म्हणून उकळलेला गरम पाला फडक्यात घालून तिनं गाठीवर पोटीस बांधली. मुका मार लागला की आपल्याकडं बांधतात तशी. त्यावरून ब्लाउज चढवायचा आणि शेगडीपुढं उभं राहायचं. तिसरा डबा निम्मा झाला. गाठ बोराएवढी झाली होती.

शनिवारी संघप्रिया कपडे धुवायला बसली. थोड्या वेळानं ती ओला ब्लाउज हातात घेऊन हॉटेलात आली. बाकड्यावर कुणी नव्हतं. ब्लाउजच्या डाव्या बाजूला पिवळट तपकिरी गोल डाग होता.

"चहा सांडला," सगुणाबाई म्हणाली.

"माझी आई इथंच हळद बांधायची," संघप्रिया म्हणाली. "उसाच्या मोळीचा मार लागलाय म्हणायची. पट्टी मीच बांधायचे."

सगुणाबाईच्या हातातली गाळणी खाली पडली. ती उचलायला दोघींपैकी कुणीच वाकलं नाही.

सोमवारी हॉटेल बंद राहिलं. परभणीच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी विचारलं, "गाठ कधीपासून आहे?"

तीन महिने म्हणावं तर डब्यांचा हिशेब पोरीला लागणार आणि ती जन्मभर स्वतःला दोष देत बसणार. "झाले असतील पंधरा दिस," सगुणाबाई म्हणाली. डॉक्टरबाईंनी लिहून घेतलं. सुकेशनीनंही डॉक्टरला असंच सांगितलं होतं, दोन-चार दिस झाले म्हणून. सगुणाबाई तेव्हा शेजारीच उभी होती.

"खोटं बोलले, बाई. तीन महिने झाले," ती म्हणाली. मग संघप्रियाकडं न बघता म्हणाली, "तुझ्या डब्याच्या आधीपासून हाय. तू तपासायचं म्हणली व्हतीस. मीच न्हाई ऐकलं."

डॉक्टरबाईंनी आधीचं खोडलं, नवं लिहिलं आणि ब्लाउज काढायला सांगितलं.

आत पोटीस होती. आज, दवाखान्यात यायच्या दिवशीही, सगुणाबाईनं ती पहाटे बांधली होती. ती सोडायला तिचे हात चालेनात. तेव्हा संघप्रिया पुढं झाली आणि न बघताच, सवयीच्या हातानं, तिनं ती पट्टी सोडली.