बाजूला बसणारा मिस्त्री

छापील कागदाला हात लावण्याआधी मामा हात घासलेटनं धुवायचे, मग सोड्यानं, मग कोरडे करून त्यांचा वासही घ्यायचे. एवढं करून कागद माझ्याच हातात राहायचा. "वाच आक्का," म्हणायचे, "जल्दी न्हाई. बराबर वाच."

जालन्यात स्टेशनच्या रस्त्यावर, आमच्या घराला लागून त्यांचा मोटारदुरुस्तीचा कारखाना होता. मंठ्यापर्यंत उतारू नेणारी सर्व्हिस मोटारही तेच चालवत. लोक त्यांना मिस्त्री म्हणत, मी मामा म्हणायचे. तुम्ही त्यांना पाहिलं असतं तर तुमच्याही लक्षात आलं असतं, की हा माणूस बोलतो माणसांशी, पण कान मोटारीकडे असतो. घरी एकटेच.

माझे वडील दवाखान्यात कंपाउंडर. तिथल्या अमेरिकन डॉक्टरीणबाईंना बोटीनं वर्तमानपत्रांचे गठ्ठे येत. वाचून झाले की ते औषधाच्या पुड्या बांधायला वडिलांकडे येत. त्यातल्या मोटारींच्या शर्यती मी मामांना वाचून दाखवायचे. इंग्रजी शाळेत शिकूनही मी चारचौघांत तोंड उघडत नसे. मामांपुढं मात्र मोठ्यानं वाचायचे.

शर्यतींचं आम्हा दोघांनाही नीट कळत नसे. फळ्या ठोकून केलेला लांबट गोल रस्ता आणि त्यावर शेकडो मैल.

"आन् पोचायचं कुठं?"

"जिथून निघाले तिथंच."

"मंग निघायचं कशाला?"

वर्षभरातल्या शर्यतींचे गुण मिळवायचे, बेरीज जास्त तो विजेता, एवढं मी समजावलं. पण वर्तमानपत्रांचे अंक उलटसुलट हाती पडत. नोव्हेंबरचा आधी, जूनचा नंतर. कधी निकालाचीच पुडी होऊन कुणाच्या तरी खोकल्याबरोबर गेलेली असे.

एक गोष्ट मात्र मामांना पक्की कळली होती. शर्यतीत ड्रायव्हरच्या बाजूला मिस्त्री बसतो. मागून कोण आलं, टायर कसं आहे, तेल बराबर आहे का, ते तो बघतो. "बघ! आपला माणूस आत हाय," मामा म्हणाले.

एकदा वाचता वाचता मी थांबले. ज्याचं नाव आलं की मामा पुढं सरकून बसत, तो त्यांचा लाडका ड्रायव्हर वर्षाच्या शेवटच्या शर्यतीत मेला होता. आणि बेरीज जास्त म्हणून त्या वर्षाचा विजेताही तोच होता. काही सुचेना, म्हणून वाचून टाकलं.

"मेलेल्याला पैला नंबर?"

"हो."

ते कागदावर वाकले. मग म्हणाले, "आन् मिस्त्री?"

मी ओळींवरून बोट फिरवलं. मिस्त्रीचं नाव नव्हतं. खालचा भाग वडिलांनी कापलेला.

"वाचला," मी म्हणाले. "दवाखान्यात आहे."

असं का म्हणाले, मला अजून सांगता येत नाही.

मग दर गठ्ठ्याला विचारणं सुरू झालं. "पट्टी सुटली का त्याची?" मी पट्टी सोडली. काठी दिली. एक दिवस काठीही काढून घेतली.

"त्याला लिही आक्का. म्हणावं, इकडं ये. मंठ्याच्या रस्त्याला इतका वेग लागत न्हाई. राह्यचं-खायचं माझ्याकडं. नाव काय त्याचं?"

"छापलेलं नाही." तेवढं खरं होतं.

"मंग मिस्त्री एवढंच लिही. समजंल त्याला."

मी लिहिलं. खाली त्यांनी उर्दूत दस्तखत केली. पत्र माझ्या वहीत राहिलं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी कारखान्याच्या मागची खोली रिकामी केली आणि दुसरी खाट विणून घेतली. खरं सांगायला मी दोनदा गेले. दोन्ही वेळा त्यांनी मला खाट दाखवली. "लंबा माणूस आसंल, म्हणून हातभर जास्त घेतली."

उन्हाळ्यात चार दिवसांच्या तापानं मामा गेले. वडील शेवटपर्यंत जवळ होते. घरी आल्यावर त्यांनी खोलीची किल्ली माझ्यासमोर ठेवली.

"म्हणाले, तो आला तर आक्काकडून घेईल. कोण येणार आहे गं?"

मी किल्ली उचलली. 

पावसाळ्यात आलेल्या गठ्ठ्यात एक जुना अंक निघाला. त्यात मामांच्या लाडक्या ड्रायव्हरच्या मोटारीचा, त्या शेवटच्या शर्यतीआधीचा फोटो होता. ड्रायव्हर समोर बघून हसत होता. बाजूचा माणूस बाहेर वाकून पुढच्या चाकाकडे बघत होता. त्याचा चेहरा दिसतच नव्हता. वडील कात्री घेऊन बसले होते. मी म्हटलं, "हा नको."