तुळसावयनीचा बांध आणि अकरा पाणमांजरं

पाणमांजरं मारायचं आमच्या वाडीत ठरलं तेव्हा हात वर करणाऱ्यांत मीही होतो, हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी कुणाला नावं ठेवली तर वाचणाऱ्याने माझ्याकडेही एकदा बघून घ्यावं.

आमची वाडी तोंडवलीच्या आतल्या अंगाला, खाडी वळण घेते तिथली. घरं बावीस. खाडी आणि आमची भातशेती यांच्यामध्ये मातीचा लांबलचक बांध, बाहेरून चिरे लावलेला, आणि त्याला एक लाकडी दार. भरती आली की दार बंद, ओहोटी लागली की उघडं. पावसाळ्यात आत भात. भात कापून झाला की खाडीचं पाणी आत घ्यायचं आणि उन्हाळ्यापर्यंत त्यात मासे धरायचे. बांध आहे म्हणून वाडी आहे. खारं पाणी एकदा का उभ्या भातात शिरलं की सगळ्या वाडीने मुंबईच्या मनिऑर्डरीची वाट बघत बसायचं.

हा बांध राखायचं काम तुळसावयनीकडे होतं. तिचा नवरा गंगाराम माझा चुलतभाऊ, मुंबईला गिरणीत. आधी बांध राखणारा तिचा सासरा वारला तेव्हा राखणी घरातलं कोण घेणार असा प्रश्न आला. मी म्हटलं, बाईमाणसाने चिखलात कशाला उतरायचं? ती म्हणाली, "मगे तुमी उतरा, भावजी." मी उतरलो नाही, ती उतरली. राखणीच्या बदल्यात बांधाला लागून असलेला भाताचा एक कुणगा, म्हणजे शेताचा तुकडा, तिच्या घराला कसायला मिळे. ती आणि दोन मुली वर्षातले सहा महिने त्या कुणग्यावर जेवत. पण बांध फुटला की राखणी गेली आणि कुणगाही गेला, असा वाडीचा जुना नियम होता.

बाई अंगाने काडी, पण तोंडाने तिखट. रोज ओहोटीला कासोटा घालून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अनवाणी जायची. बांध कुठे मऊ झालाय ते तिला तळव्यांना कळायचं. मी एकदा तिच्यामागून तसाच अनवाणी चालून पाहिलं. माझ्या तळव्यांना शिंपल्यांखेरीज काही कळलं नाही.

सत्तावन्न सालच्या थंडीत पाणमांजरांनी दाराशी लावलेली जाळी फाडली. पाणमांजराला आम्ही हुद म्हणतो. त्याच सुमारास घाटावरचा एक व्यापारी कातडी शोधत आला आणि सात लोखंडी सापळे देऊन गेला. देवळापुढे वाडी जमली. महादूकाका वाडीचे मानकरी, त्यांचा शब्द शेवटचा. ते म्हणाले, हुद मारूया, मासळी वाचेल आणि वर कातड्यांचंही काहीतरी मिळेल. सगळ्यांनी माना डोलावल्या.

तेवढ्यात वयनी एक करवंटी घेऊन पुढे आली आणि तिने ती चिऱ्यावर उपडी केली. दाराच्या दगडांवरून गोळा केलेली हुदांची वाळलेली विष्ठा होती ती. पुरुषांनी नाकाला उपरणी लावली. मागून कुणीतरी खोकल्याचं सोंग केलं. तिने काडीने ते पसरून दाखवलं. त्यात खेकड्यांच्या, आमच्या भाषेत कुर्ल्यांच्या, कवचाचे लाल-निळे तुकडेच तुकडे होते आणि मधूनच माशाचा एखादा काटा.

"बगा," ती म्हणाली. "धा वाटे कुर्ल्यो, एक वाटो मासो. कुर्ल्यो बांध पोखरतत. हुद नाय रवले तर कुर्ल्यांका कोण आवरतलो?"

"कुर्ल्यांका आमी खातलो," महादूकाका म्हणाले, आणि हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. माझीसुद्धा. मग हात वर झाले, त्यात माझाही होता.

दोन हिवाळ्यांत अकरा हुद मारले. एक सापळा माझ्याकडे होता. खाडीकाठच्या कांदळाच्या झाडांच्या मुळांत मी तो लावला आणि त्यात एक मादी सापडली. तिच्या सडांना दूध होतं. ते मी घरात बायकोलाही सांगितलं नाही. आज लिहितानाही लाज वाटते, आणि वाटायलाच हवी.

पहिल्या वर्षी मासळी खरंच जास्त आली. दुसऱ्या वर्षी कुर्ल्या इतक्या झाल्या की घराघरातून तिखल्याचा, म्हणजे झणझणीत कालवणाचा, वास. आम्ही बोटं चाटत होतो आणि महादूकाकांची वाहवा करत होतो. आपल्या पायाखालची जमीन कुणीतरी पोखरतंय आणि आपण त्याचीच आमटी ओरपतोय, असं दृश्य मी पुन्हा कधी पाहिलं नाही. कारण खाऊन खाऊन आम्ही खाणार किती? माणूस आठवड्यातून दोनदा कुर्ली खातो, तीही मोठी बघून. हुद रोज खातो, आणि जी पुढे येईल ती खातो. बांधात बिळं करणाऱ्या बारक्या कुर्ल्यांकडे आमच्यातला कुणी ढुंकूनही बघत नव्हता.

साठ सालापासून उधाणाच्या भरतीला बांधाच्या आतल्या बाजूने पाण्याच्या बारीक धारा सुटू लागल्या. वाडीने त्याचं कारण लगेच शोधलं. राखणदार, म्हणजे बांधाचा देव, रागावला. बांधाच्या दाराशी राखणदाराचा दगड आहे, वर्षातून एकदा त्याला कोंबडा द्यायचा, त्याला राखण देणं म्हणतात. त्या वर्षी दोनदा दिली. पुढच्या वर्षी तीनदा. तिसऱ्या वेळचा कोंबडा वयनीच्या घरचा होता. तिने हात जोडले, नारळ फोडला आणि वळून म्हणाली, "राखण दिली, बरा झाला. आता चिखल घालूक चला." सगळे प्रसाद घेऊन घरी गेले. राखण दिल्यावर चिखल घालायचा म्हणजे राखणदारावर अविश्वास दाखवणं, असं महादूकाकांचं म्हणणं. त्यांच्या बाजूने सांगायचं तर, तेव्हा मलाही ते पटलं होतं.

ती एकटीच उतरली. ओहोटीला बिळात हात घालून कुर्ली ओढून काढायची, बिळात पेंढा आणि माती ठासायची. बोटं फाटलेली, त्यांना खोबरेल लावून पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. दहा बिळं बुजवली की रात्रीतून पंधरा नवी. तरी ती थांबली नाही. मुली शाळेतून आल्या की पेंढा वाहायच्या.

एक दिवस महादूकाका हिवतापाच्या फवारणीची उरलेली डी.डी.टी.ची पावडर डब्यातून बांधावर घेऊन आले. बिळाबिळात ओतूया म्हणाले, कुर्ल्यांचं नावच नको. मला वाटलं, वयनी खूश होईल. ती दाराच्या दगडावर बसली आणि उठेचना.

"सगळ्यो मारूच्यो नाय."

"अगो, तूच तर म्हणतंस कुर्ल्यो बांध खातत."

"बांधातल्यो मी काढतंय. कांदळातल्यो रवांदेत. कांदळाचो पालो पडता, तो कुर्ल्यो खातत. पालो बारीक झालो की त्येच्यार माशांची पिल्ला जगतत. उद्या जाळ्यात काय गावतला तुमका? चिखल?"

महादूकाका डबा घेऊन परत गेले, पण जाताना सांगून गेले: या वर्षीची कापणी झाली की राखणी दुसऱ्याकडे. बांध गळतोय तो हिच्या हाताने. ती म्हणाली, "कापणीपर्यंत थांबतलात मा? मगे बस झाला."

एकसष्ट सालची नारळी पौर्णिमा. उधाणाची भरती भर दुपारी होती. वाडी नारळाला कुंकू लावत होती. वयनी बांधावर होती, कारण पौर्णिमा म्हणजे तिला सण नव्हे, पाणी. दाराच्या दक्षिणेला, तिच्याच कुणग्याला लागून, बांध हातभर खचला. तिने हाक मारली ती माझ्या पडवीपर्यंत आली. मी पोचलो तेव्हा खारं पाणी भसाभसा आत येत होतं. भगदाडाच्या कडेला मी माती दाबायला हात घातला, तर ती माझ्या बोटांतून सुटून गेली. आत सगळी चाळण. एका बिळातून कुर्ली निघाली, माझ्या मनगटावरून चालत गेली आणि पाण्यात पडली. इतकी वर्षं मी जे ऐकत होतो ते त्या क्षणी मला समजलं. लवकर समजणाऱ्यांपैकी मी कधीच नव्हतो.

माणसं धावत आली आणि भगदाडात माती टाकू लागली. पाणी ती माती घेऊन जात होतं. वयनी ओरडली, "थंय नको. माझ्या कुणग्याची मेर उंच करा." मेर म्हणजे शेताची आतली कड. तिच्या कुणग्याच्या पलीकडे वाडीची बाकी सगळी शेती होती.

"तुझो कुणगो जातलो, वयनी," मी म्हटलं.

"जातलो. माती आणा."

पाणी वर चढत होतं तसे आम्ही मेर चढवत होतो. चिरे, माती, केळीचे खांब, कुणीतरी घराची झापं काढून आणली. तिच्या मुलीही माती वाहत होत्या. धाकटी रडत होती, पण टोपली तिने खाली ठेवली नाही. भरतीचा जोर ओसरला तेव्हा मेर उभी होती. एकवीस घरांचं भात हिरवं होतं आणि वयनीचा कुणगा खाऱ्या पाण्याखाली गेला होता. पोटरीला आलेलं भात. दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं तेव्हा त्याची पातं टोकांपासून करपायला लागली.

देवळापुढे पुन्हा वाडी जमली. बांध फुटला होता, नियम नियमच, पण राखणी काढून घ्यायचा विषय कुणी काढेना. महादूकाकांचा आवाज बसला होता. ते म्हणाले, "तुळसा, माझ्यातलो एक कुणगो तू घे. पाण्याच्या वरचो आसा."

"माका जमीन नको," ती म्हणाली. "सापळे हाडा."

तिने ते सातही सापळे देवळापुढे आणायला लावले. मी माझा शेवटी आणला, घरी उगाच दोन घटका रेंगाळून. तिने सगळे मोजले आणि भगदाड बांधून काढताना त्यात चिऱ्यांखाली पुरले. मग दुसरी गोष्ट सांगितली: बांधालगतचा कांदळ कुणी तोडायचा नाही, हुद परत येतील ते तिथेच येतील. आणि तिसरी: ते येईपर्यंत रोज ओहोटीला दोन घरांनी बांधावर पाळीने उतरायचं, बिळं बुजवायची आणि बांधातल्या कुर्ल्या काढायच्या.

"किती दिस?" कुणीतरी विचारलं.

"अकरा हुद मारलात. ते येतले तवसर."

तीन वर्षं पाळी चालली. माझी पाळी अकराव्या दिवशी यायची आणि अकराव्या रात्रीपासून माझी कंबर धरायची. बावीस घरं, शहाणीसुरती माणसं, विडी ओढत, चहा पीत, एकमेकांना शिव्या देत जे काम करत होतो, ते अकरा जनावरं आमच्याकडून पेंढ्याची काडीही न घेता करत होती, आणि वर आम्ही त्यांना चोर म्हणत होतो. माझी बायको सुशीला एकदा माझ्या पाठीला तेल लावताना म्हणाली, "ह्या कामाक हुदच बरे होते. ते कण्हत तरी नव्हते."  

वयनी रोज उतरायची, पाळी कुणाचीही असो. वाडीने तिला दर घरामागे भात दिलं. ते तिने घेतलं, आभार न मानता, आणि मला ते फार बरं वाटलं. कुणगा मात्र तिने सोडला नाही. पहिल्या पावसाळ्यात तिने लावणी केली, रोपं आठवड्यात तांबडी पडली. पावसाचं पाणी आत धरायचं आणि ओहोटीला सोडून द्यायचं, मीठ थोडं थोडं धुऊन काढायचं, असं ती करत राहिली. दुसऱ्या वर्षी भात गुडघ्याएवढं झालं आणि लोंब्या पोकळ. गंगाराम मुंबईहून आला, बघून म्हणाला, "सोड हा सगळा, माझ्याबरोबर चल." ती म्हणाली, "कुणग्यात दाणो दिसलो काय विचार करतंय." तो एकटाच परत गेला.

चौसष्ट सालच्या कार्तिकात माझी पाळी होती. पहाटे पाऊस शिंपडून गेला होता. मी विडी पेटवून बांधावर आलो तर वयनी खाली कुणग्यात वाकून कापत होती. लोंब्या भरलेल्या होत्या. सगळ्या नव्हे, खोलगट भागात अजून टक्कल होतं, पण भरलेल्या होत्या. मी बिळं बघायला वाकलो तशी ती न वळताच म्हणाली, "रवांदे, भावजी. आजपासून पाळी बंद."

"म्हणजे?"

"हुदांची जोडी इली हा. तीन पिल्ला आसत."

माझा विश्वास बसेना. मी कांदळाकडे पाहिलं, खाडीकडे पाहिलं. सगळीकडे नेहमीचंच गढूळ पाणी. "खंय आसत?" मी विचारलं.

ती सरळ उभी राहिली आणि तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. बांधाची एखादी जागा जशी पायाने चाचपून बघायची, तसं.

"ता तुमका सांगूचंय नाय."

मला राग आला. तीन वर्षं मी त्या चिखलात कंबर मोडून घेतली होती. पण तो राग फार वेळ टिकेना. कारण तिच्या जागी मी असतो तर मीही मला सांगितलं नसतं. मी विडी विझवली, धोतर वर खोचलं, मेरेवर ठेवलेला दुसरा विळा घेतला आणि तिच्या शेजारच्या ओळीत कापायला बसलो. दोन-चार मुठी कापून झाल्या. मग ती म्हणाली, "वायच खालसून कापा. पेंढो लांब होयो."