चुनखडीची दारू आणि सुरतेच्या शेठजींची शिंक

धाकट्या मामांचा निरोप आला, "मस्कत द्राक्षांची दारू तयार झाली, चाखायला ये." आयुष्यात चहापलीकडे न गेलेला मी पुण्याहून निघालो! तुम्ही सुरत-भुसावळ गाडीने जाणार असाल तर नंदुरबार यायच्या आधीच खिडकी लावून घ्या. मी नाही लावली. गावाबाहेर जिकडे पाहावं तिकडे मिरची वाळत घातलेली, त्यामुळे शिंकतच उतरलो. टांग्याचं भाडं आधी ठरवा. शिंकणारा पाहुणा नवखा, हे टांगेवाला लगेच ओळखतो.

मळ्यात मामा उकिडवे बसून चुनखडीचं ढेकूळ चाटत होते. "चाख!" म्हणून अर्धं मला दिलं. मामांचा मान म्हणून चाटलं. त्यांचं म्हणणं असं, की काळ्या मातीत द्राक्ष पाणी पिऊन फुगतं आणि नुसतं गोडमिट्ट होतं. चुनखडीत पाणी ठरत नाही, मुळं खोल जातात, मणी बारीक राहतो. म्हणून दारूला फुलांचा वास आणि आंबूस धार येते. या वेडापायी त्यांनी लग्नसुद्धा केलं नव्हतं.

थोरले मामा मिरचीचे व्यापारी. कळण्याच्या भाकरीवर ठेचा वाढता वाढता त्यांनी धाकट्यांना बजावलं, "उद्या सुरतना शेठनी दारू लिधी नै ते तुन्हा येल उपटसू, मिरची लावसू!" धाकटे ताटावरून उठले.

सकाळी सुरतेचे पारशी शेठजी आले. आधी तुलनेला ठेवलेली काळ्या मातीची दारू चाखून म्हणाले, "आ तो सरबत छे." मग चुनखडीची घेतली, डोळे मिटले. "वाह! संतराना फूल!" धाकटे मामा फुलले. तेवढ्यात शेठजींनी अशी शिंक दिली की टोपी थेट टोपलीत!

"चुनखडीनी धार शे ती!" धाकटे ओरडले. थोरल्यांनी पेला हुंगला आणि मान वळवून आपल्या मिरचीकडे पाहिलं. द्राक्षं धुवायची नाहीत, सालीवरच्या पांढऱ्या भुकटीनेच रस आंबतो, हा धाकट्यांचा नेम. आणि चुनखडीच्या वाफ्याला लागूनच थोरल्यांची मिरची वाळत होती.

शेठजी मात्र खूश, चोंदलेलं नाक मोकळं झालं होतं. "बधी मने आपो. शरदीनी दवा!"

वेली वाचल्या! मी टाळी वाजवणार, तोच धाकटे मामा पिंपापुढे हात पसरून उभे. "मन्ही दारू दवा नै शे. मी इकस नै!"

थोरल्यांनी कपाळावर हात मारून घेतला. संध्याकाळी वेली उपटल्या. दोघेही भाऊ रडत होते. थोरले म्हणे, डोळ्यांत मिरची गेली.

मी एक फांदी आणि पोतंभर चुनखडी घेऊन परतलो. पुण्याच्या अंगणात ती लावली, घरात मिरची कांडायला बंदी केली. बायको तिखट कांडायला माहेरी जाते आणि मामांचा उद्धार करते. अखेर पहिला घड आला, तेव्हा धाकट्या मामांना बोलावलं. त्यांनी मणी तोंडात टाकला आणि जिभेवर घोळवला.

"वास बराबर शे," ते म्हणाले. "पन शिंक काबर येत नै रे, भाचा?"

आणि मिरची नसताना त्यांचे डोळे भरून आले.