मी रडत नव्हते

बायकांच्या स्वच्छतागृहाचं कुलूप आम्ही उघडायला लावलं, ती माझ्या आयुष्यातली पहिली जिंकलेली लढाई. आणि त्या दिवशी मी घरी आले ती दात-ओठ खात.

बाजाराच्या दिवशी भाजी विकायला येणाऱ्या बायकांसाठी बांधलेलं ते स्वच्छतागृह बांधल्यापासून बंदच होतं. आम्ही चारपाचजणी तालुक्याच्या एका कचेरीत गेलो. पत्रक मी लिहिलं होतं, वाचतही मीच होते. दुसऱ्या परिच्छेदाला डोळे चुरचुरायला लागले, तिसऱ्याला त्यांतून पाणी गळायला लागलं. मी वाचतच राहिले. "हा आमचा हक्क आहे, मेहेरबानी नाही," या वाक्यावर साहेबांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडं सरकवला.

"रडू नका ताई. उद्या उघडून देतो."

"मी रडत नाही."

"होतं असं. माझी लेक पण अशीच हळवी आहे."

कुलूप खरंच दुसऱ्या दिवशी उघडलं. बाजारात मात्र बोभाटा झाला की पोरगी रडली म्हणून साहेबाला दया आली. मेहेरबानी नको म्हणून सांगायला गेले आणि मेहेरबानीच घेऊन आले. त्यानंतर जिथं बोलायला उभी राहिले तिथं हेच. मुद्दा मांडायचा, डोळे भरायचे, समोरच्याचा आवाज मऊ व्हायचा. माझा राग कुणाला दिसतच नव्हता. लोकांना फक्त माझे गाल ओले दिसत होते.

डोळ्यांचं दुखणं त्याआधीपासूनचं. सकाळी पापण्या चिकटलेल्या असायच्या. दुपारी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटायचं. पंखा सहन व्हायचा नाही, एसटीची खिडकी तर नाहीच. संध्याकाळी छापील अक्षरांच्या कडा विरघळायच्या. लिहिणं-वाचणं हेच ज्याचं काम, त्यानं अशा डोळ्यांनी काय करायचं?

अम्मीकडं डोळ्यांच्या प्रत्येक तक्रारीवर सुरमा हा इलाज. डोळे लाल दिसले की ती सुरमेदाणी घेऊन यायची, सलाई फिरवायची आणि म्हणायची, "थंडक पडंल." थंडक पडायची नाही. मग ती दुसऱ्या दिवशी जास्त सुरमा लावायची. सुरम्यानं भागेना तेव्हा गुलाबजल आलं.

आमचं उमरगा हायवेवरचं गाव. दवाखान्यांना तोटा नाही. पहिल्या डॉक्टरांनी टॉर्च मारला आणि म्हणाले, "काही नाही, धूळ आहे." दुसऱ्यांनी ॲलर्जीच्या गोळ्या दिल्या. त्या घेऊन झोप यायची, तोंड सुकायचं आणि डोळे आणखी जळायचे. तरी मी त्या इमानदारीनं घेत राहिले. तिसऱ्यांना मी सांगितलं की डोळे कोरडे वाटतात. ते हसले. "अहो, धार लागलीय, आणि कोरडे म्हणता? काही नाही. मोबाईल कमी करा. लग्नाचं बघताहेत का घरचे?"

मी विचारलं, "काही नाही हा आजार कुठल्या पुस्तकात आहे?"

त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

अब्बा बाहेर बाकावर होते. त्यांना सगळं सांगितलं तर म्हणाले, "सगळ्या तालुक्याचे बोअर आटलेत. तुझं एकटीचं तर वाहतंय. शुक्र कर."

अब्बांचं शिलाईचं दुकान आहे, पण गावात त्यांची ओळख पत्रकवाले अशीच. हमालांची, विडी वळणाऱ्या बायकांची, घरकुलं न मिळालेल्यांची, सगळ्यांची पत्रकं आमच्या ओसरीवर लिहिली गेली. घरात आमची बोली दखनी, पण मराठी वाचायला मी शिकले ती त्या पत्रकांवर. अब्बांचा एक नियम होता. पत्रकात मागणी एकच असावी. दहा मागण्या केल्या की समोरचा त्यातली सगळ्यांत स्वस्त तेवढी उचलतो.

त्या बाकावर मला पटलं की मी डॉक्टरांकडं दहा मागण्या घेऊन जात होते. आग थांबवा, पाणी थांबवा, लाली घालवा. त्यातली स्वस्त तेवढी प्रत्येकानं उचलली होती.

म्हणून धाराशिवला डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडं गेले ती एकच मागणी घेऊन. अब्बा सोबत होते. बाईंनी विचारलं, "काय होतंय?"

"ते सगळं सांगते. पण औषध नंतर द्या. आधी या दुखण्याला नाव द्या. आणि 'काही नाही' हे नाव चालणार नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मोर्चा घेऊन आलात का?"

"मोर्चा खाली थांबवलाय, डॉक्टरसाहेब," अब्बा म्हणाले. "आत नुसतं शिष्टमंडळ आणलंय."

बाई हसल्या आणि कामाला लागल्या. सांधे दुखतात का, तोंड कोरडं पडतं का, कुठल्या गोळ्या चालू आहेत, सगळं विचारलं. ॲलर्जीच्या गोळ्यांचं पाकीट पाहून त्यांनी ते बाजूला ठेवलं. खालच्या पापणीच्या आत कागदाची बारीक पट्टी अडकवली आणि डोळे मिटून बसायला सांगितलं. पट्टी काढली तर अर्ध्यापर्यंतही भिजली नव्हती. मग डोळ्यांत पिवळा रंग सोडून निळ्या उजेडात पाहिलं. पापणीची कड दाबून पाहिली.

"डोळे कोरडेच आहेत," त्या म्हणाल्या.

"मग पाणी?"

"कोरडं पडलं की डोळा घाबरतो आणि भडाभडा पाणी सोडतो. ते पाणी डोळ्यावर टिकत नाही, गालावर येतं. टिकायला त्यावर तेलाचा पातळ थर लागतो. ते तेल पापणीच्या कडेतल्या ग्रंथींतून येतं. तुमचं तेल थंडीतल्या तुपासारखं थिजलंय."

मी त्यांना ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. कोरडे आहेत म्हणून वाहतात. इतके महिने माझं जे कुणी खरं मानलं नव्हतं ते एका वाक्यात खरं झालं होतं.

"पण तुमच्या वयात एवढं का?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. "काम काय करता?"

"पत्रकं लिहिते. इतरांची तपासूनही देते."

त्यांनी टेबलावरचा एक छापील कागद दिला. "हा तपासून दाखवा. घरी तपासता तसा."

मी कागद डोळ्यांजवळ धरला आणि शेवटच्या शब्दापासून सुरुवात केली. आमच्याकडं तपासणी अशीच होते. शेवटाकडून सुरुवातीकडं, एकेक शब्द सुटा. सरळ वाचलं की अर्थ पुढं ओढतो आणि चूक झाकली जाते. मी कागद संपवला. दोन चुका सापडल्या, त्या सांगितल्या.

बाईंना चुकांशी काही घेणं नव्हतं. "तुम्ही पापणी मिटलीच नाहीत."

"मिटायची नसते."

"म्हणजे?"

"मीच शिकवलंय," अब्बा अभिमानानं म्हणाले. "ही एवढीशी होती तेव्हापासून. पापणी लवली की चूक निसटते."

बाई आता त्यांच्याकडं बघायला लागल्या. "तुमचे डोळे एवढे लाल कशानं?"

"ते रागानं."

"किती दिवसांचा राग आहे?"

"जवानीपासूनचा."

"या, इथं बसा."

अब्बांनाही तेच निघालं. आमच्या घराण्याचा करारी लाल डोळा, ज्याला गावातले सावकार वचकून असायचे, तो निम्मा थिजलेल्या तेलाचा होता. अब्बा स्टुलावरून उतरले. मग म्हणाले, "साहेबलोकांना हे कळायला नको."

बाईंनी समजावलं की प्रत्येक वेळी पापणी मिटते तेव्हा ते तेल डोळ्यावर पसरतं. मिटायचीच नाही असं ठरवलं की ग्रंथी तुंबतात. वर सुरम्यानं त्यांची तोंडं बुजतात आणि ॲलर्जीच्या गोळ्या उरलासुरला ओलावा शोषतात. दुसरं काही नाही ना, याची खात्री म्हणून रक्त तपासलं. ते स्वच्छ निघालं. आणि मग त्यांनी माझी मागणी मान्य केली. चिठ्ठीवर इंग्रजी नावाखाली मराठीत लिहिलं, कोरड्या डोळ्यांचा आजार. बसस्थानकावर मी ते मोठ्यानं वाचलं. आजार आहे म्हणून एवढं खूश झालेलं माणूस शेजारच्या बाईनं पाहिलं नसावं. ती जरा सरकून बसली.

घरी अम्मीनं विचारलं, "सुरम्याला काय म्हणाली?"

"बंद म्हणाली."

"ती लावत न्हाय वाटतं."

पण गरम कपड्यानं पापण्या शेकायच्या आहेत म्हटल्यावर ते खातं अम्मीनं ताब्यात घेतलं. रोज सकाळी आम्हा बापलेकीला शेजारी झोपवून ती कपडा पिळायची, आमच्या डोळ्यांवर ठेवायची आणि हलायची बंदी करायची. तपासणीचा नियमही बदलला. एक ओळ झाली की पापण्या पूर्ण मिटायच्या, मग दुसरी. अब्बा कुरकुरले, "चुका निसटतील." निसटल्या नाहीत. उलट संध्याकाळीसुद्धा अक्षरांच्या कडा धारदार दिसायला लागल्या. मी पुन्हा रात्रीपर्यंत वाचायला लागले, मधेमधे थेंब घालून.

उन्हाळ्याच्या तोंडाशी सास्तूरला गेले. शाळेतला आहार शिजवणाऱ्या बायकांना लाकडाच्या धुराऐवजी गॅस हवा होता, आणि बोलायला मला बोलावलं होतं. वरून आलेले एक साहेब समोर होते. बाहेर वारं सुटलेलं, खोलीत धूळ. अर्ध्यावर डोळे चुरचुरले. मी थांबले, पिशवीतून बाटली काढली.

"ताई, बरं वाटत नाही का?" साहेब म्हणाले.

"कोरड्या डोळ्यांचा आजार आहे. थेंब घालते. तोवर तुम्ही उत्तर तयार करा."

बायका खुसखुसल्या. मी थेंब घातले, सावकाश पापण्या मिटल्या, उघडल्या. कुणी ग्लास पुढं केला नाही. पुढचं सगळं मी त्यांच्याकडं सरळ बघत बोलले. मागणी एकच, तारीख सांगा. साहेब नियम सांगायला लागले, मी तो अर्ध्यातून पुढं तोंडपाठ म्हणून दाखवला. त्यांचे कान लाल झाले.

"हे बघा, तुम्ही असं दरडावू नका."

इतकं गोड वाक्य मी अधिकाऱ्याच्या तोंडून तोवर ऐकलं नव्हतं. त्यांनी तारीख दिली आणि आपल्या हातानं लिहून दिली.

बाहेर आल्यावर सगळ्यांत वयस्कर स्वयंपाकीण माझ्याजवळ आली. तिनं माझ्या चेहऱ्याकडं निरखून पाहिलं.

"पोरी, लई कडक बोललीस. घरात बी अशीच बोलतीस काय?"

"व्हय."

"मग तुझ्या होणाऱ्या नवऱ्याचं कल्याण आहे," ती म्हणाली, आणि बायका एवढ्या हसल्या की साहेबांनी गाडीत बसता बसता मागं वळून पाहिलं.