उतरत्या फळीवरची वाळू

तिजोऱ्या हलवणाऱ्या हमालांत दादाचा शब्द शेवटचा. कामाला वाघ, पण जीभ अशी तिखट की बरोबरीचे लोकही त्याच्या तोंडी लागत नसत. सगळ्यांत जास्त बोलणी खायचा त्याचा सख्खा धाकटा भाऊ. वडील गेल्यावर दादानंच त्याला या कामाला लावलं होतं आणि हे उपकार तो उठताबसता ऐकवायचा.

दादाचं शास्त्र साधं होतं. लाकूड कितीही गुळगुळीत दिसलं तरी आतून खरखरीतच. त्यावर लोखंड टेकलं की दोघं एकमेकांना धरून बसतात. वजन जास्त, तशी पकड जास्त. तिजोरी जागची हलवताना जीव निघतो, एकदा सरकली की तीच हलकी वाटते.

"म्हणून चढवताना फळीला साबण, उतरवताना वाळू," तो धाकट्याला म्हणायचा. "एवढंही शिरत नसेल तर डोकं विकून टाक."

एके दिवशी सकाळी त्यांनी एक तिजोरी टेम्पोत चढवली. दुपारी ती दुसऱ्या दुकानापाशी त्याच फळीवरून उतरवायची होती. बाकीच्यांनी वरून तिजोरीचा दोर धरला, धाकटा पाचर घेऊन खाली उभा राहिला. तिजोरी सुटलीच तर पुढे पाचर ठोकायची.

"दादा, फळीवर सकाळचा साबण आहे. धुऊन घेऊ का?"

"आंघोळ घालतोस का तिला? वरून वाळू टाकतोय ना." दादा सगळ्यांकडे बघून हसला. "भीती वाटत असेल तर बांगड्या भर."

सगळेच हसले. धाकट्यानं पाचर फळीशी धरली.

वाळू साबणावरच राहिली, लाकडापर्यंत पोचलीच नाही. तिजोरी वाळूसकट घसरत आली. दोर धरणाऱ्यांचे तळहात सोलून निघाले. पाचर वेळेवर बसली होती, पण त्या फळीवर तिलाही कशाचा आधार नव्हता. धाकट्याचा पाय गुडघ्याखाली चेचला आणि पुढे कापावा लागला.

तो शुद्धीवर आल्यावर दादाचं पहिलं वाक्य होतं, "पाचर नीट ठोकली नाहीस."

आता दादाच्या फळीखाली उभं राहायला कुणी तयार होत नाही. काम सुटलं. फळी घराच्या मागच्या दाराला टेकवलेली असते. धाकटा रोज सकाळी कुबडी टेकत तिथं येऊन बसतो.

"दादा, फळी धुतलीस का?"

दादा बादली आणतो, गुडघे टेकून फळी घासतो. घासून घासून लाकूड पांढरं पडलंय. धाकटा तिच्यावरून सावकाश अंगठा फिरवतो.

"अजून बुळबुळीत लागतेय," तो म्हणतो. "परत धू."

दादा पुन्हा पाणी आणायला जातो.